गॅलरीतील बिनकाट्याची तुती

करवंदे, बोरे खायची म्हणजे हातावर ओरखडे आलेच. तुतीला मात्र एकही काटा नसतो. परदेशातील ब्लॅकबेरीच्याही बिनकाट्याच्या जाती निघाल्या आहेत. पण तिला कडक थंडी लागते, आपल्या उकाड्यात ती रमत नाही. दिसायला तिच्यासारखी, आणि आपल्या हवेत सुखाने वाढणारी म्हणजे तुतीच.

आमचे बिऱ्हाड चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. जागा म्हणाल तर दारापुढची गॅलरी, तीही सामायिक. रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा घेतला, खिळा तापवून बुडाला सात-आठ भोके पाडली. तळाशी विटांचे तुकडे, वर निम्मी माती, निम्मे कुजलेले शेणखत. भिजलेला डबा भलताच जड होतो, म्हणून तो कठड्यावर न ठेवता खाली, भिंतीलगत ठेवला.

रोप विकत आणायची गरज नाही. पावसाच्या तोंडाशी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी आणावी. तिला तीन-चार डोळे असावेत. निम्मी काडी मातीत, निम्मी वर. पालवी फुटली की काडी जगली असे समजू नका, काडीतल्या ओलाव्यावरही पालवी येते. महिना-दीड महिना तिला हलवू नये. आमच्या धाकट्याने पहिली काडी मूळ आले का म्हणून रोज उपटून पाहिली. ती वाळली.

काडी कुठून आणता हे महत्त्वाचे. तुतीची काही झाडे नुसती नर असतात, त्यांना फळ धरत नाही. रेशीम शेतीवाले पाल्यासाठी लावतात त्या जातीही फळासाठी निवडलेल्या नसतात. ज्या झाडाचे फळ तुम्ही खाल्ले आहे, त्याचीच काडी घ्या.

एवढे करूनही दोन वर्षे आमच्याकडे नुसता पाला. उपटून टाकायचे ठरले होते. सासूबाई म्हणाल्या, "टाकायच्या आधी छाटून तर बघा. आणि त्याला ऊन कुठं मिळतंय?" खरेच, दारापुढे दिवसभर सावली होती. शेजाऱ्यांना विचारून डबा गॅलरीच्या टोकाला नेला, तिथे दुपारपर्यंत ऊन असते. फांद्या निम्म्याने छाटल्या, उरलेली पाने ओरबाडली, दोन ओंजळी शेणखत दिले. नव्या फुटीबरोबरच फळांचे हिरवे घोस आले. तुती अशी नव्या फुटीवर धरते, हे आम्हाला तेव्हा कळले.

मग झाले भांडण. पिकलेली तुती आपोआप गळते. खालच्या वहिनींनी वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर जांभळे डाग पडले. कार्यक्रमाला नेसायची साडी ती! वरून उकळते पाणी ओतून पाहिले, लिंबू चोळले. डाग फिका झाला, गेला नाही. महिनाभर त्या आमच्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचे काही चुकले असे आम्हाला वाटत नाही.

आता फळ धरले की झाडाखाली जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधतो. डब्याखाली परात असते, म्हणजे पाणीही खाली ठिबकत नाही. लाल फळ आंबट लागते. पुरते काळे होऊन हात लावताच सुटले तरच तोडायचे. तोडलेले दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, त्यामुळे वाटून खावेच लागते. पहिली वाटी खाली जाते. वहिनी ती घेतात. ती साडी त्या आता घरात नेसतात.