जुने यंत्र, जुना अर्ज

निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात. मी भंगारातून एचएमटीचे मिलिंग मशीन आणले. १९५३ साली बंगळुरात सुरू झालेल्या कारखान्याची ही टनाहून जड वस्तू आर्णीतल्या आमच्या परसातल्या शेडमध्ये उतरली, तेव्हा सौ. दोन दिवस बोलली नाही. लेथमध्ये जॉब फिरतो, यात कटर फिरतो, एवढे सांगून माझे ज्ञान संपले.

मग मिस्त्री आले. १९९१ साली अशाच जुन्या मशीनसाठी त्यांनी कर्ज मागितले होते. ‘जुने यंत्र तारण चालत नाही,’ असा शेरा मीच मारला होता. नियमच तसा होता, असे मी आजही स्वतःला सांगतो.

त्यांनी डिझेलने गंज सोडवला. घसरपट्ट्यांना निळा रंग लावून टेबल सरकवायचे, जिथे निळे उमटेल तेवढेच स्क्रेपरने खरवडायचे, पुन्हा रंग. सोळा दिवस! थ्री फेजची मोटर घरच्या विजेवर चालेना, ती बदलली. स्क्रू मात्र झिजलेलाच. हँडल उलटे फिरवले की आधी थोडे नुसतेच फिरते.

“सायेब, तेवढं हिशोबात धराचं.”

मजुरी घेईनात. “संध्याकाळी माझा एखादा जॉब लावू द्या,” एवढेच म्हणाले. मी शेडची किल्ली पुढे केली. तिची दुसरी करून आणायला ते बाजारात गेले.