यादीच्या पोटातली यादी

पायथनमध्ये दोन विद्यार्थ्यांच्या गुणांची यादी करा: [[40, 55], [62, 71]]. बाहेर एक यादी, तिच्या पोटात दोन. 'कॉपी' वापरून तिची प्रत घ्या आणि प्रतीतले 40 खोडून 90 लिहा. आता मूळ यादी उघडा. तिथेही 90!

यात पायथनचं काही चुकलेलं नाही. यादी वस्तू साठवत नाही, त्या मेमरीत कुठे आहेत त्याचे पत्ते साठवते. पत्त्यांची वही उतरवून काढली म्हणून गावात नवी घरं उभी राहत नाहीत. ही झाली उथळ प्रत.

'डीपकॉपी' मात्र थेट आत उतरते आणि भेटेल त्या यादीची नवी प्रत करते. आकडे मुळात बदलताच येत नाहीत, त्यामुळे त्यांना ती हात लावत नाही. खरा पेच पुढे आहे. एखादी यादी स्वतःलाच पोटात घेऊन बसली असेल तर? आत उतरणं कधी संपायचंच नाही. म्हणून डीपकॉपी सोबत एक नोंद ठेवते: अमुक ओळखक्रमांकाच्या वस्तूची प्रत ही. तीच वस्तू पुन्हा भेटली की नवी प्रत न करता नोंदीतली वापरायची. आणि यातली खरी हुशारी म्हणजे नव्या यादीची नोंद ती रिकामी असतानाच होते, भरणं नंतर. त्यामुळे चक्र तुटतं. शिवाय मुळात दोन जागी एकच यादी असेल, तर प्रतीतही दोन जागी एकच राहते. नुसती मूल्यं नव्हे, नातीसुद्धा उतरतात. मला हे फार सुंदर वाटतं.

जावास्क्रिप्टचे प्रोग्रामर अशी खोल प्रत घ्यायला कित्येक वर्षं माहितीचा जेसॉन मजकूर करून तो पुन्हा वाचून घेत. त्यात तारखेची नुसती अक्षरं उरत, फंक्शनं गळून पडत आणि चक्र दिसलं की थेट एरर. 2022 पर्यंत प्रमुख ब्राउझरांत 'स्ट्रक्चर्डक्लोन' आलं. ते तारखा आणि चक्रं सांभाळतं. फंक्शन मात्र त्यालाही चालत नाही.

थांबायचं कुठे, हे यंत्राला आपणहून कळत नाही. विद्यार्थ्याच्या नोंदीत शाळेचा पत्ता असेल आणि शाळेच्या नोंदीत सगळ्या विद्यार्थ्यांचे, तर एका मुलाची खोल प्रत मागताच अख्ख्या शाळेची प्रत तयार होते. ते टाळायला पायथनमध्ये त्या क्लासपुरती स्वतःची डीपकॉपी लिहिता येते: मूल नवं, शाळा तीच.