पंख्याला फिरवतं कोण?

छताचा पंखा नुसताच गुणगुणतो, पण काठीने पातं ढकललं की फिरू लागतो. अशा वेळी निदान ठरलेलं: ‘कंडेन्सर गेला. सुरुवातीचा धक्का द्यायची वीज त्यातच साठलेली असते.’ निदानाचा पूर्वार्ध बहुधा बरोबर असतो, उत्तरार्ध चूक. पंख्यातला हा कंडेन्सर, म्हणजे अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, सेकंदाला 100 वेळा भरतो आणि रिकामा होतो. धक्का देण्याइतका साठा त्यात नसतोच.

मूळ गैरसमज वेगळाच आहे. एसी वीज दिली की चुंबकीय क्षेत्र आपोआप फिरतं, असं आपण धरून चालतो. थ्री-फेजला ते खरं आहे. सिंगल फेजवर एकाच वाइंडिंगचं क्षेत्र मात्र एकाच रेषेत वाढतं, घटतं, उलटतं. गणिताने ते विरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन सारख्या क्षेत्रांची बेरीज ठरतं. थांबलेल्या रोटरवर दोघांची ओढ समसमान, म्हणून तो हलत नाही. काठीने ढकलल्यावर ज्या दिशेला वेग मिळतो, तिकडची ओढ वरचढ होते. कपॅसिटर गेलेला पंखा त्यामुळे उलटाही फिरवता येतो. वारा मग छताकडे जातो, एवढंच!

जात्याचा खुंटा एकाच रेषेत पुढे-मागे ढकलून जातं गरगरत नाही, आडवा जोरही वेळेवर लागतो. मोटारीत हा आडवा जोर दुसरं वाइंडिंग लावतं. ते पहिल्या वाइंडिंगपासून सरकवून बसवलेलं असतं आणि कपॅसिटर त्यातला प्रवाह साधारण पाव आवर्तन, म्हणजे 50 हर्ट्झला 5 मिलिसेकंद, पुढे काढतो. जागेचं आणि वेळेचं हे अंतर जुळलं की क्षेत्र खरोखर फिरू लागतं. इटलीतल्या तोरिनोमध्ये गॅलिलिओ फेरारिसने 1885 मध्ये हेच दाखवलं. गंमत म्हणजे अशी मोटार 50 टक्क्यांहून अधिक कार्यक्षम होणार नाही, असा त्याचाही समज होता.

‘मोटार सुरू झाली की कपॅसिटरचं काम संपलं’ हे अर्धसत्य. काही पंपांत सुमारे 75 टक्के वेग आल्यावर स्विच तो तोडतो. पंख्यात तो कायम जोडलेला असतो. म्हणूनच कपॅसिटर कमजोर झाला की पंखा मंदावतो.

आणि प्लग उलटा लावून मोटार उलटी फिरत नाही. तसं केल्यास दोन्ही वाइंडिंगचे प्रवाह एकदमच उलटतात. दिशा बदलायची तर त्यांतल्या एकाचीच टोकं बदलावी लागतात.