साथीचा रोग आणि जुने दप्तर

दप्तर म्हटले की तुम्हाला पाठीवरची पिशवी आठवते. पण जुन्या कागदपत्रांच्या संग्रहालाही आपण दप्तरच म्हणतो. पेशवे दप्तर हे नाव तुम्ही ऐकले असेल. रोम शहराने वेढलेल्या व्हॅटिकन येथे कॅथलिक पंथाचे असेच एक दप्तर आहे. त्यातील फळ्या एकापुढे एक मांडल्या, तर त्यांची लांबी सुमारे ८५ किलोमीटर भरते. २ मार्च २०२० रोजी या दप्तरातील पोप बारावे पायस यांच्या कारकिर्दीचे (१९३९ ते १९५८) कागद अभ्यासकांना खुले झाले. दुसऱ्या महायुद्धाचा काळ त्यांत येत असल्यामुळे इतिहासकार कित्येक वर्षे या दिवसाची वाट पाहत होते. पण काही दिवसांतच कोविडच्या साथीमुळे दप्तरखाना बंद करावा लागला.

त्या वर्षी जगभरची चर्च, मठ आणि त्यांची संग्रहालये अशीच बंद झाली. माणसे घरी गेली. वस्तू मात्र जागच्या जागी राहिल्या. या वस्तू तरी किती प्रकारच्या! ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये गावोगावच्या धर्मगुरूंना विवाहाची व बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवण्याची आज्ञा दिली. त्यामुळे अनेक गावांच्या कित्येक पिढ्यांची नावे चर्चच्या कपाटात सापडतात. शिवाय चांदीची पात्रे, रंगविलेल्या लाकडी मूर्ती, जरीची रेशमी वस्त्रे, तैलचित्रे. या सगळ्यांची काळजी घेणाऱ्यांपुढे दोन प्रश्न उभे राहिले. वस्तूंवर विषाणू असेल तर तो कसा घालवायचा? आणि बंद खोलीत वस्तूंचे काय होईल?

फवारा का नको?

रस्त्यांवर, दवाखान्यांत त्या वेळी जंतुनाशकाची फवारणी चालली होती. तीच दप्तरखान्यात केली तर? त्या द्रावणात बहुधा सोडियम हायपोक्लोराइट असते. ते जोरदार ऑक्सिडीकारक आहे. विषाणूप्रमाणेच ते कागदातील सेल्युलोजवर आणि कापडाच्या रंगावरही हल्ला करते. चांदीचा पृष्ठभाग त्याने काळवंडतो. अल्कोहोल लाखेचे रोगण विरघळवते. जुन्या वह्यांची शाई तर मायफळ व हिराकस यांपासून केलेली असे. ती मुळातच आम्लधर्मी असते. तिच्यावर पाणी पडले की आम्ल आणि लोहाचे आयन आजूबाजूच्या कागदात पसरतात आणि कागद ठिसूळ होतो.

मग अतिनील किरण वापरावेत का? येथे थोडे गणित करू. जंतुनाशक दिव्याच्या किरणांची तरंगलांबी २५४ नॅनोमीटर असते. १२४० ला तरंगलांबीने (नॅनोमीटरमध्ये) भागले, की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. उत्तर येते सुमारे ४·९. कार्बनचे दोन अणू जोडणारा साधा बंध तोडायला सुमारे ३·६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. म्हणजे विषाणूला मोडणाऱ्या फोटॉनपाशी कागद, रेशीम आणि रंग यांचे रेणू तोडण्याइतकीही ऊर्जा असते. शिवाय हे किरण मिटलेल्या पुस्तकाच्या आत पोहोचतच नाहीत.

थांबणे हाच उपाय

विषाणू जिवंत पेशीबाहेर वाढू शकत नाही. तो हळूहळू निकामीच होतो. २०२० च्या आरंभी झालेल्या प्रयोगांत पुठ्ठ्यावर २४ तासांनंतर क्रियाशील विषाणू आढळला नाही. प्लॅस्टिक व पोलाद यांवर तो तीन दिवसांपर्यंत आढळला. म्हणून जाणकारांनी सांगितले, की हाताळलेली वस्तू वेगळी ठेवा आणि काही दिवस तिला हात लावू नका. ही युक्ती जुनीच आहे. प्लेगच्या भीतीने रागुसा, म्हणजे आजचे दुब्रोवनिक, या बंदराने १३७७ मध्ये बाहेरून येणाऱ्यांना ३० दिवस वेगळे ठेवण्याचा नियम केला. पुढे हे दिवस ४० झाले आणि इटालियन भाषेतील चाळीस या शब्दावरून क्वारंटाइन हा शब्द आला.

हा रोग मुख्यतः हवेतून पसरतो आणि कागदापासून धोका फार थोडा असतो, हे पुढे स्पष्ट झाले. ज्यांनी वाट पाहिली त्यांचे काही बिघडले नाही. जेथे घाईने फवारा मारला गेला असेल, तेथे उडालेला रंग परत आणता येणार नाही.

बंद खोलीतला शत्रू

पण दार लावून वाट पाहत बसलो, की दुसरा धोका सुरू होतो. तो बुरशीचा. विषाणू वेळेबरोबर मरतो; बुरशी वेळेबरोबर वाढते.

३० अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते. २५ अंशांची हवा सुमारे २३ ग्रॅम. समजा, खोलीतील ३० अंशांच्या हवेत प्रत्येक घनमीटरला २१ ग्रॅम बाष्प आहे. तिची सापेक्ष आर्द्रता २१ भागिले ३०, म्हणजे ७० टक्के. आता हीच हवा थंड भिंतीजवळ किंवा कपाटामागे २५ अंशांपर्यंत निवली, तर आर्द्रता २१ भागिले २३, म्हणजे सुमारे ९१ टक्के होते. बाहेरून पाण्याचा थेंबही आलेला नाही! आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली, की बुरशीचे बीजाणू रुजू लागतात. म्हणून कपाटे भिंतीला टेकवू नयेत, आणि दार बंद असले तरी ठरावीक दिवशी कोणीतरी आत जाऊन पाहणी केली पाहिजे.

ओलाव्याचा लाकडावरही परिणाम होतो. लाकूड आडव्या दिशेने फुगते; त्यावरचा रंगाचा थर तितका ताणला जात नाही, म्हणून त्याचे पोपडे सुटतात. २७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांनी रिकाम्या चौकात प्रार्थना केली, तेव्हा रोमच्या सॅन मार्चेल्लो चर्चमधील शेकडो वर्षांचा लाकडी क्रूस तेथे भर पावसात उभा होता. १५२२ च्या प्लेगमध्ये त्याचीच मिरवणूक निघाली होती. या पावसाने त्याचे लाकूड फुगल्याच्या बातम्या तेव्हा आल्या.

हा प्रश्न आपल्या शेजारी गोव्यातही आहे. तेथील चर्च, मठ आणि सेमिनरी यांच्याकडे जुने ग्रंथ व नोंदवह्या आहेत. भारतात टाळेबंदी २५ मार्च २०२० पासून लागू झाली आणि जूनमध्ये पावसाळा आला. अशा वेळी खिडक्या उघडून वारा खेळवावा असे वाटते, पण बाहेरच्या हवेत बाष्प जास्त असेल तर उलट ओल आत येते. टक्के न पाहता दोन्हीकडचे ग्रॅम ताडून पाहावेत, आणि बाहेरचे कमी असतील तेव्हाच खिडकी उघडावी.

हे सारे कशासाठी? फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटांनी मराठी ओवीत लिहिलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. ते १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा निघाले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखित नकलांमुळे. एखाद्या गावाच्या बाप्तिस्म्याच्या वहीची मात्र बहुधा दुसरी नक्कल नसते.

करून पहा

शाळेच्या ग्रंथालयात दोन सारखे तापमापक टांगा. एकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळा. कोरडा ३० अंश आणि ओला २६ अंश दाखवीत असेल, तर आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर आहे असे समजा. खोलीच्या मध्यावर आणि कपाटामागे अशी दोन ठिकाणी नोंद घ्या, आणि पावसाळाभर दर आठवड्याला ती वहीत लिहा. बुरशी दिसलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका. पुस्तक वेगळे ठेवा, सावलीत सुकू द्या, आणि नाकाला फडके बांधलेल्या शिक्षकांनाच ते मऊ ब्रशने झटकू द्या.