हळदीच्या हंगामात अडकलेला श्वास

मार्च उजाडला की हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः वसमतच्या शिवारात, हळद शिजू लागते. शिजवून वाळवलेली हळद फिरत्या ढोलात घालून पॉलिश होते, तेव्हा हळकुंडांवरची साल, मुळ्या आणि माती यांची पिवळी धूळ उठते. ती कपड्यांवर, पापण्यांवर बसते आणि श्वासाबरोबर आतही जाते. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले याचा जिल्ह्याला अभिमान आहे. ढोलाजवळच्या माणसांच्या छातीची चौकशी मात्र क्वचितच होते.

ढोलाशेजारी पोती भरणाऱ्या एखाद्या बाईला रात्री तीनच्या सुमारास जाग येते. छाती आवळल्यासारखी वाटते, कोरडा खोकला थांबत नाही, श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजते. पहाटेपर्यंत धाप ओसरते आणि सकाळी ती पुन्हा कामावर हजर होते. दिवसा तपासले तर छाती कधी कधी अगदी साफ सापडते. ‘धुळीचं आहे, हंगाम सरला की जाईल,’ असे घरचे म्हणतात. हंगाम सरतो, खोकलाही कमी होतो. श्वासनलिकांची सूज मात्र जातेच असे नाही.

दम्याच्या रुग्णाला वाटते की आपल्याला श्वास घेता येत नाही. खरी अडचण बहुधा सोडण्यात असते. श्वास घेताना छाती फुगते आणि श्वासनलिका थोड्या रुंद होतात. सोडताना त्या अरुंद होतात. निरोगी माणसाला हा फरक जाणवतही नाही. दम्यात नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते आणि चिकट कफ साचतो. अशी चिंचोळी नळी श्वास सोडताना आणखी मिटते. हवा आत जाते, पण पुरती बाहेर येत नाही. छाती फुगलेलीच राहते आणि पुढच्या श्वासाला जागा उरत नाही. शिट्टी वाजते ती अरुंद वाटेतून रेटून बाहेर पडणाऱ्या हवेची. म्हणूनच मोठ्या झटक्यात धाप कायम असताना शिट्टी एकाएकी थांबली, तर ‘आता बरं वाटतंय’ असे समजू नये. शिट्टी वाजण्याइतकीही हवा खेळत नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो.

साल्ब्युटामॉलचा पंप काही मिनिटांत स्नायू सैल करतो, म्हणून तो रुग्णाला आवडतो. सूज तो उतरवत नाही. त्यासाठी बुडेसोनाइडसारखे श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड लागते. त्याचा गुण दिसायला काही दिवस, कधी आठवडे जातात. तेवढ्यात बहुतेकांचा धीर सुटतो. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘गिना’ने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले की प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नये.

‘एकदा पंप लागला की सुटत नाही’ या समजापायी कित्येक जण गोळ्या पसंत करतात. त्यांनी एक हिशेब करून पाहावा. साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत ४ मिलीग्रॅम औषध असते, पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत ४० फवाऱ्यांचे औषध! शिवाय ती पोटातून रक्तात आणि रक्तातून साऱ्या अंगभर फिरते. हात थरथरतात, छाती धडधडते ती त्यामुळे.

मृग लागताना हैदराबादला जिवंत माशातून दिले जाणारे दम्याचे औषध घ्यायला महाराष्ट्रातूनही लोक जातात. त्याने दमा बरा होतो, हे शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेले नाही. जायचे त्यांनी जावे, पण तिथून आल्यावर पंप बंद करू नये. पावसाळ्याच्या तोंडावर उपचार सोडणे काही रुग्णांना फार महागात पडते.

प्रत्येक धाप दम्याची नसते, हेही खरे. वर्षानुवर्षे चुलीपुढे बसलेल्या बाईची फुप्फुसे धुराने कायमची खराब झालेली असू शकतात. फुंकून करायच्या स्पायरोमेट्री तपासणीत औषध देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर किती फरक पडतो, त्यावरून दमा ओळखायला मोठी मदत होते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची क्षयासाठी तपासणी आधी करावी.

ढोलावर काम करताना तोंडाला रुमाल बांधण्याची पद्धत आहे. बारीक धूळ त्यातून आत जाते. नीट बसणारा एन-९५ मास्क बरा. वाऱ्याची दिशा पाहून उभे राहिले तरी फरक पडतो. पंपाला स्पेसर जोडला तर औषध घशात न अडकता खोल जाते. विकतचा स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडूनही काम भागते. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर हा उपाय तपासला गेला आहे. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरायची.

एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपाने आराम पडत नसेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत रुग्णाला आडवे करू नये, ताठ बसवावे, आणि आराम देणाऱ्या पंपाचा एकेक फवारा स्पेसरमधून देत राहावे.