पाळणाघरातील भाषा

मूल बोलायला कोठे शिकते, या प्रश्नाचे उत्तर एके काळी सोपे होते. आजी, आत्या, शेजारीण यांच्या बोलण्यातून भाषा त्याच्या कानी पडत असे. बदलापूर वा अंबरनाथहून सकाळची लोकल गाठून मुंबईला नोकरीस जाणाऱ्या आईबापांच्या मुलाचा दिवस आता पुष्कळदा पाळणाघरात जातो. पाळणाघर निवडताना स्वच्छता, जेवण आणि शुल्क यांची चौकशी होते. तेथे मुलाशी कोण आणि किती बोलते, हे क्वचितच विचारले जाते.

वस्तुतः कळीचा प्रश्न तोच आहे. अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झालेल्या एका दीर्घ पाहणीत १,३०० हून अधिक मुलांचा मागोवा घेण्यात आला. घराचा प्रभाव अधिक असला, तरी सांभाळणारी व्यक्ती मुलाशी भरपूर बोलत असेल, त्याच्या बोबड्या बोलांना उत्तर देत असेल, तर त्याची भाषा अधिक विकसित होते, असे तीत आढळले. एका बाईच्या हाती दहा-बारा मुले सोपविली की संभाषण संपते. 'बस', 'जेव', 'झोप' एवढी आज्ञार्थी भाषा उरते. दूरचित्रवाणी ही उणीव भरून काढत नाही. ती बोलते, पण ऐकत नाही.

उल्हासनगरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १९४७ च्या फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसविलेल्या सिंधी निर्वासितांचे हे नगर. येथे घरी सिंधी, सांभाळणारीच्या तोंडी मराठी आणि पडद्यावर हिंदी, असे सहज घडू शकते. अनेक भाषा कानी पडणे हे संकट नव्हे. एकाही भाषेत कोणी मनापासून न बोलणे, हे संकट होय.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी व पुढे कोसबाड येथे बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी देशभर पोहोचविली. तथापि सेविकेच्या मोबदल्याला 'मानधन' हेच नाव राहिले; तिच्या उपदानाचा हक्क मान्य होण्यास सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल यावा लागला. खासगी पाळणाघराचे अर्थकारणही निराळे नाही. शुल्क कमी ठेवायचे, तर बायका कमी आणि मुले अधिक, हा सरळ हिशेब. या काटकसरीची किंमत मात्र ताळेबंदात दिसत नाही. ती पुढे पहिलीच्या वर्गात, शब्द न सापडणाऱ्या मुलाच्या रूपाने दिसते.

म्हणूनच सांभाळणाऱ्या स्त्रीला पुरेसे वेतन आणि तिच्याकडे मोजकीच मुले, ही चैन नव्हे. मुलाला बोलते करण्याचा तो किमान खर्च आहे.