वाढीव ताकद : हप्त्यावर की साठवणीतून?

मोटारगाडीच्या इंजिनाशी सोलापूरचे नाते वरवर दिसते त्यापेक्षा जुने आणि जवळचे आहे. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभारून भारतात मोटारनिर्मितीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेले वालचंद हिराचंद हे १८८२ साली याच शहरात जन्मले, आणि १९९२ साली येथे स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशी-परदेशी मोटार कंपन्यांना इंजिनाचा एक कळीचा भाग पुरवत आली आहे. कॅमशाफ्ट म्हणजे ठरावीक अंतरावर अंडाकृती उंचवटे असलेला दांडा. तो फिरताना त्याचे उंचवटे इंजिनाच्या झडपा उघडतात, आणि झडप किती उंच व किती वेळ उघडी राहते यावर इंजिन कोणत्या फेऱ्यांना किती हवा आत घेईल हे अवलंबून असते. शर्यतीच्या गाडीत वेगळ्या घडणीचा कॅमशाफ्ट बसवतात तो एवढ्याचसाठी. असे महाग बदल आपल्या रोजच्या गाडीत करून घेण्याची हौस महाराष्ट्रातील तरुण वाहनधारकांत वाढत असताना, त्यांचा खर्च कर्ज काढून भागवावा की पैसे साठवून, हा प्रश्न घरोघरच्या जमाखर्चाचा भाग होऊ लागला आहे.

या बदलांचे स्वरूप समजल्याशिवाय त्यांच्या खर्चाचा विचार करता येत नाही. सर्वांत सोपा म्हणून सांगितला जाणारा बदल ‘रीमॅप’चा असतो, म्हणजे इंधन किती सोडायचे, ठिणगी केव्हा टाकायची आणि टर्बोचा दाब किती ठेवायचा हे ठरवणाऱ्या संगणकीय नियंत्रकातील आकडे बदलण्याचा. टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. तो मुळात असलेल्या गाडीत रीमॅपचा परिणाम ठळक जाणवतो, तर टर्बो नसलेल्या इंजिनात केवळ आकडे बदलून हाती थोडेच लागते. त्यापुढे हवा घेण्याचा मार्ग, धूर सोडण्याची नळी, मोठा टर्बो, इंटरकूलर, निलंबनाच्या स्प्रिंगा, चकती-ब्रेक अशी यादी वाढत जाते. यातील कोणतीही वस्तू एकटी येत नाही, आणि खरी अडचण तेथेच सुरू होते. इंजिनाची पीळशक्ती वाढली की मूळ क्लच घसरू लागतो, क्लच बदलला की भार गिअरबॉक्सवर येतो, वेग वाढला की मूळ ब्रेक लवकर तापतात आणि टायर अपुरे पडतात. त्यामुळे पहिल्या वस्तूसाठी जे अंदाजपत्रक केले जाते ते संपूर्ण कामाचे अंदाजपत्रक क्वचितच असते.

सोलापूरच्या हवामानाचाही यात वाटा आहे. उन्हाळ्यात येथे पारा ४४ अंशांपर्यंत चढतो, आणि २० अंशांच्या हवेच्या तुलनेत त्या तापमानाला, दाब तोच धरला तर, हवा सुमारे साडेसात टक्के विरळ असते. म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाला प्रत्येक श्वासात तेवढा प्राणवायू कमी मिळतो, आणि टर्बो असलेल्या इंजिनात तापलेली हवा थंड करण्याचे काम इंटरकूलरला जास्त कष्टाने करावे लागते. थंड हवेत मोजलेल्या ताकदीचा आकडा पाहून पैसे मोजणाऱ्याला एप्रिल-मे महिन्यांत त्यातील काही भाग मिळतच नाही. हिवाळ्यात ऊसतोडणीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर जिल्ह्याच्या रस्त्यांवरून अंधारातही जात असतात, हे लक्षात घेतले तर या भागात चांगले टायर आणि चांगले ब्रेक ही इंजिनाच्या वाढीव ताकदीच्या आधी करायची गोष्ट ठरते.

आता कर्जाकडे वळता येईल. गाडी विकत घेताना मिळणारे कर्ज तुलनेने स्वस्त असते, कारण ती गाडी सावकार संस्थेकडे नजरगहाण राहते, नोंदणी पुस्तकात तशी नोंद होते आणि हप्ते थकले तर ती विकून वसुली करता येते. गाडीत बसवलेल्या टर्बोला किंवा निलंबनाला अशी स्वतंत्र विक्रीकिंमत जवळपास नसते. जुन्या गाडीचा ग्राहक बहुधा मूळ स्थितीतील गाडी शोधतो आणि बदललेल्या गाडीकडे संशयाने पाहतो. त्यामुळे अशा खर्चासाठी जे कर्ज मिळते ते बहुतेक वेळा वैयक्तिक, म्हणजे तारणाविना दिलेले असते आणि त्याचा दर चढा असतो. वाहनाच्या चालू कर्जावरच वाढीव रक्कम घेतली तर दर काहीसा उतरतो, पण मग हौसेचा हप्ता थकल्यावर ज्या गाडीने घर चालते तीच जप्त होण्याचा धोका पत्करावा लागतो. सोने तारण ठेवूनही पैसे लगेच उभे राहतात. मात्र घरातील सोने बहुधा घरातील स्त्रीच्या अंगावरचे आणि तिच्या अडीनडीचे असते, आणि गाडीच्या ताकदीसाठी ते गहाण टाकण्याचा निर्णय तिच्या मोकळ्या संमतीशिवाय घेणे हा अन्यायच आहे.

व्याजाचे गणित आकड्यांत मांडल्यावर अधिक उघड होते. समजा, दोन लाख रुपयांचे काम आहे आणि तीन वर्षांसाठी १४ टक्के दराने कर्ज मिळते. व्याज घटत्या शिलकीवर, म्हणजे प्रत्येक हप्त्यानंतर उरलेल्या मुदलावरच आकारले गेले तर मासिक हप्ता सुमारे ६,८३५ रुपये येतो आणि एकूण व्याज ४६ हजारांच्या आसपास भरावे लागते. तोच १४ टक्के दर ‘सरळ’ पद्धतीने, म्हणजे फिटत चाललेल्या मुदलाकडे न पाहता तिन्ही वर्षे पूर्ण दोन लाखांवर आकारला तर व्याज ८४ हजार होते, हप्ता ७,८८९ रुपयांवर जातो आणि खरा वार्षिक दर २४ टक्क्यांच्या वर पोहोचतो. दोन्ही प्रस्तावांत ‘१४ टक्के’ हाच आकडा सांगितलेला असतो, म्हणून व्याज कशावर आकारणार हा प्रश्न दराच्याही आधी विचारला गेला पाहिजे. ‘शून्य टक्के व्याज’ अशी जाहिरात असलेल्या योजनांबाबत भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की अशी संकल्पना प्रत्यक्षात अस्तित्वात नसते. व्याज बहुधा प्रक्रिया शुल्कात किंवा हुकलेल्या सवलतीत दडलेले असते. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत मुख्य बाबींचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे आणि त्यात सर्व शुल्के धरून निघणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्यापूर्वी त्या एका ओळीवर बोट ठेवून ती वाचली तरी बरेचसे नुकसान टळते.

हाच ६,८३५ रुपयांचा हप्ता दरमहा आवर्ती ठेवीत, म्हणजे ठरावीक रक्कम दर महिन्याला भरण्याच्या बँक खात्यात टाकला आणि त्यावर साडेसहा टक्के व्याज धरले, तर २८ व्या महिन्यात दोन लाखांचा टप्पा ओलांडला जातो. म्हणजे कर्जदाराचे आठ हप्ते शिल्लक असतानाच साठवणाऱ्याच्या हाती पूर्ण रक्कम येते. या काळात सुट्या भागांची किंमत वाढू शकते आणि त्याने थोडा फरक पडतो हे खरे. पण साठवणुकीचा मोठा लाभ व्याजात मोजता येत नाही. सव्वादोन वर्षांत गाडीची उणीव नेमकी कोणती हे चालकाला कळते, वर्षाकाठी आधी टायर, मग ब्रेक, मग निलंबन असे काम टप्प्याने करता येते, आणि प्रत्येक टप्प्यावर थांबण्याची मुभा राहते. कर्ज घेतलेल्याला ही मुभा नसते, कारण एकदा उचललेली रक्कम एकदमच खर्च होते.

पैसे कोठे साठवायचे, याचा विचार सोलापूरकरांनी अधिक काळजीने केला पाहिजे. शहरातील लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केला, तेव्हा ठेव विमा हा शब्द अनेक कुटुंबांच्या बोलण्यात आला. बँक व्यापारी असो वा सहकारी, प्रत्येक ठेवीदाराची मुद्दल व व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंतची ठेव ठेव विमा महामंडळाकडे विमाकृत असते आणि ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. पतसंस्था मात्र बँक नसते, आणि तिच्यातील ठेवीला हे संरक्षण मिळत नाही. भिशीत तर लेखी करारही नसतो. दहा-वीस जणांनी दरमहा रक्कम जमवायची आणि पाळीपाळीने किंवा बोली लावून एकाने उचलायची, ही पद्धत ओळखीच्या माणसांत चांगली चालते, पण आधी उचललेल्याने पुढचे हप्ते बुडवले तर दाद मागणे कठीण होते. भिशीत ज्याची पाळी लवकर येते तो प्रत्यक्षात कर्जदार असतो आणि ज्याची शेवटी येते तो साठवणारा.

या साऱ्या हिशेबाच्या वर कायद्याची एक भिंत आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून केलेला खर्च सर्वांत महाग पडतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीचा अर्थ कडकपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भाडेखरेदी करारावर घेतलेल्या वाहनात नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीशिवाय बदल करण्यास हाच कायदा मनाई करतो, आणि नजरगहाण कर्जाच्या करारनाम्यांतही अशी अट सहसा असते. म्हणजे गाडीचेच कर्ज फिटलेले नसताना दुसरे कर्ज काढून तिच्या इंजिनात फेरफार करणारा माणूस दोन्हीकडून अडकतो. विमा कंपनीला न कळवलेल्या बदलामुळे अपघाताचा दावा नाकारला गेला, तर गाडी उभी राहते आणि हप्ते चालूच राहतात. शर्यतीचा मनापासून छंद असलेल्यांसाठी कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळची धावपट्टी ही योग्य जागा आहे. तेथे केवळ धावपट्टीसाठी राखलेली, ट्रेलरवरून नेलेली गाडी हा वेगळा आणि प्रामाणिक मार्ग आहे, पण तो घरच्या एकुलत्या एका गाडीचा नव्हे.

कर्ज मुळातच वाईट, असा निष्कर्ष यातून काढणे सोलापूरला तरी शोभणार नाही. या शहराची चादर आणि टॉवेल ज्या यंत्रमागांवर विणले जातात त्यांतील कितीतरी कर्जावर उभे राहिले, आणि केंद्र सरकारने १९९९ साली सुरू केलेल्या तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेने तर वस्त्रोद्योगातील नव्या यंत्रांच्या कर्जावरील व्याजाचा काही भार स्वतः उचलला. मागावर काढलेले कर्ज मागाच्या विणीतून फिटते. गाडीतल्या बदलालाही हीच कसोटी लावली तर कायद्याने मान्य असलेला एक बदल तिला उतरतो, तो म्हणजे इंधन बदलण्याचा. कलम ५२ मध्येच मान्यताप्राप्त रूपांतर संच बसवण्याची सोय आहे. सीएनजीचा संच बसवून नोंदणी पुस्तकात त्याची नोंद करून घेता येते, आणि हलकी मालवाहू वाहने विजेवर चालवण्यासाठी रूपांतरित करण्याच्या कामात सोलापूरची प्रिसिजन कॅमशाफ्ट्सही उतरलेली आहे.

अशा संचाला ६० हजार रुपये लागले आणि दर किलोमीटरमागे दोन रुपये वाचले असे धरले, तर खर्च भरून निघण्यासाठी गाडी ३० हजार किलोमीटर चालावी लागते. अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूरच्या भाविकांना घेऊन रोज दीडशे किलोमीटर धावणारी टॅक्सी हे अंतर २०० दिवसांत कापते, त्यामुळे तिच्या मालकाने वर्षभराच्या मुदतीचे कर्ज काढणे व्यवहाराला धरून आहे. महिन्याला ८०० किलोमीटर चालणाऱ्या घरगुती गाडीला त्यासाठी तीन वर्षांहून अधिक काळ लागतो. तेथे व्याज धरले की बचतीतील बराच वाटा कर्जातच जातो, आणि तोच संच साठवलेल्या पैशांतून बसवला तर पहिल्या महिन्यापासून वाचणारे सोळाशे रुपये घरातच राहतात.